तेजूचा रोट

गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची गिरणी आज सकाळपासून गप्प आहे. रोज तिची घरघर सुरू झाली की माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे बारीक थरथरतात. आज डबे स्वस्थ होते आणि त्या शांततेनंच मला जाग आली. खिडकीतून पाहिलं, तर गिरणीवाला मधू पट्टा उतरवून, दगड उचलून, आतलं जुनं पीठ कुंचल्यानं झाडत बसला होता. भुवयांसकट पांढरा. नागपंचमी झाली की आमच्या नंदुरबारला गिरण्या अशा झाडूनपुसून लख्ख होतात, कारण मग कानबाईच्या रोटाचं दळण यायला लागतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला एवढं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे काढतात, नथ घालतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. रोट म्हणजे तिच्यासाठी वेगळं दळलेलं पीठ आणि त्याचं जेवण. गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मूठ टाकतात, पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा. तो रोट ज्या त्या घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला घास द्यायचा नाही; जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा वाटेवर टाकत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात सोडतात. आणि पुनवेच्या आत तो संपवायचा. ठेवायचा नाही, वाटायचा नाही, फेकायचा नाही.

आमच्या घरात नाव एकच होतं, माझ्या नवऱ्याचं, दिलीपचं. त्या एवढ्याशा गव्हाची पिशवी घेऊन मी गिरणीवर गेले की मधू पिशवीत डोकावून म्हणायचा, "काकू, हाई गिरणीना दातमाच अडकी जाई. घरी काय ली जाशात?" दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी मी हसायचे. गेल्या हिवाळ्यात दिलीप गेला. यंदा पिशवी खुंटीवरच आहे.

गंमत अशी की मधूला दगड झाडताना पाहून मला कानबाई आठवली नाही, आधी झिंकच्या गोळ्या आठवल्या. हातात चहाचा कप, समोर गिरणी, आणि मी एकटीच हसतेय. बऱ्याच दिवसांनी आलं ते हसू, म्हणून ते पुरवून पुरवून लिहून ठेवावंसं वाटलं.

दिलीप आरोग्यसेवक होता. सुया-टोचण्या, बाळंतपणं हे सिस्टरचं काम. त्याच्याकडे पाणी, डास, ताप आणि लहान मुलांचे जुलाब. ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहितेय त्या पावसाळ्यात आम्ही कोरीट या खेड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मी नंदुरबारच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तेव्हा सेटच्या परीक्षेसाठी रजा काढली होती. ओसरीवर खाट, खाटेवर वर्गीकरणाची जाड पुस्तकं, समोर कपाशीचं हिरवंगार रान, आणि रानाच्या पलीकडे, दिसत नसली तरी, पाणी चढलं की ऐकू येणारी तापी. अभ्यासाला याहून चांगली जागा नाही आणि याहून वाईटही नाही. पान उलटावं तर त्यावर चतुर येऊन बसायचा.

ओली कपाशी, गोठ्यातला धूर, आणि कुठल्या तरी घरातून उकळत्या पाण्याची वाफ. पाणी उकळून प्या असं दिलीपनं घरोघर सांगितलं होतं. बायका उकळायच्या, मग ते गार लवकर व्हावं म्हणून त्यात माठातलं कच्चं पाणी ओतायच्या. त्यानं डोक्याला हात लावला की त्याच त्याला चहा द्यायच्या.

जुलाब झालेल्या मुलाला एक लिटर पाण्यात मीठ-साखरेची, म्हणजे ओआरएसची, एक पुडी कालवून पाजा, हे सांगायला सोपं. पण कोरीटमध्ये लिटर कुणाकडे होता? तांबे होते, पितळी गंज होते, पातेली होती, आणि प्रत्येकाचं माप वेगळं. कुणी तांब्याभर पाण्यात अख्खी पुडी टाकायचं, ते खारट जहर व्हायचं. कुणी बादलीत टाकायचं. मग दिलीपनं माझ्या टेबलाच्या खणातली नेलपॉलिशची बाटली उचलली. लाल, भावाच्या लग्नात घेतलेली, त्यानंतर न उघडलेली. लिटरची बाटली घेऊन तो घरोघर जाई, तिथलं एखादं पातेलं मागून घेई, पाणी ओतून पाही आणि जिथवर पाणी येई तिथं आतून नव्हे, बाहेरून लाल रेघ मारी. माझी बाटली संपल्यावर त्यानं बाजारातून दुसरी आणली. दुकानदारानं रंगांचा पुठ्ठा पुढे केला, तर हा म्हणाला, भांड्यावर उठून दिसेल तो द्या. दुकानदारानं आधी त्याच्या नखांकडे पाहिलं म्हणे.

"सिस्टर बठस घरमा, नि भाऊ हिंडस नखपालिश लईसन," बायका पाणवठ्यावर म्हणत. पण रेघ मारून घेत. एकीनं तर पातेल्यावर मारून झाल्यावर स्वतःचा हात पुढे केला. दिलीप लाजून लाल झाला, मग तिच्या करंगळीचं नख रंगवून पुढच्या घरी गेला. संध्याकाळी हे मला त्या बाईनंच येऊन सांगितलं, करंगळी वर करून.

माझं काम दुभाष्याचं होतं. पुरुषमाणसाला बायका जुलाबाचा रंग सांगत नाहीत, मला सांगत. मी पुस्तकात खूण घालून ऐकायची, दिलीप आला की त्याला सांगायची. त्या वर्षी ग्रंथालयशास्त्रापेक्षा मला शी-शास्त्रच जास्त पाठ झालं.

समोरच्या घरात केसरमाय राहायची. उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं असं की रस्त्यावरचा बैल वळून पाही. तिची सून वैशाली, आणि वैशालीची वर्षाच्या आतबाहेरची मुलगी तेजू. वैशालीचा नवरा साखर कारखान्याच्या कामावर, घरी कमी. घर चालायचं ते केसरमायच्या आवाजावर.

त्या घराची एक रीत होती. तिथून कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. ताक घुसळलं की तांब्या शेजारी, गिलकी निघाली की टोपलीभर इकडे, आणलेल्यातलं उरलं ते ज्याला लागेल त्याला. मी अभ्यासाला बसले की ती ओसरीवर काकडी ठेवून जाई. वर म्हणे, "खाय. पुस्तक खाईसन पोट भरस का?"

आषाढात तेजूला पहिल्यांदा जुलाब झाले. केसरमायनं आधी तिचं पाणीच बंद केलं होतं. तिचा हिशोब सरळ होता: वरतून टाकतो म्हणून खालून निघतं. दिलीपनं लाल रेघेच्या पातेल्यात पुडी कालवली, चमच्याचमच्यानं पाजायला लावलं, उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा द्यायला सांगितलं, अंगावरचं दूध चालूच ठेवायला सांगितलं आणि झिंकच्या चौदा गोळ्यांची पट्टी दिली. रोज एक, चमच्यात पाण्यात विरघळवून. विसरायला नको म्हणून वेळही बांधून दिली: सकाळी डेअरीला दुधाची बरणी निघते, त्याच्या आधी गोळी, मग बरणी.

तीन दिवसांत जुलाब थांबले. तेजू अंगणात कोंबडीमागे रांगायला लागली. आणि गोळ्या थांबल्या.

"पोर बरी व्हई गयी, भाऊ. खेयी ऱ्हायनी. आते गोयी कसाले? उष्ण पडी."

"माय, बाकीच्या कुठंयत?"

"दिन्या."

"कुणाले?"

"जेले लाग्यात तेले! मन्ही देरानीनी नात, तो तठला कोपराना पोऱ्या... घरमा ठेईसन काय लोनचं घालू?"

दिलीप घरी येऊन खाटेवर बसला. रागावला नव्हता. त्याला रागावता यायचं नाही, तो फक्त चष्मा पुसायचा. "तिनं काही वाईट केलं नाही गं," म्हणाला. "उरलं ते वाटलं. आता तीन घरांत तीन पोरं, आणि एकाचाही डोस पूर्ण झाला नाही."

जुलाब थांबले तरी आतडं आतून लगेच सावरत नाही, गोळ्या त्या सावरण्यासाठी असतात, आणि त्या पुऱ्या घेतल्या तर पुढचे काही महिने मूल पुन्हा जुलाबात पडण्याची भीती कमी होते. हे तो इतक्या वेळा सांगायचा की मी झोपेतही म्हटलं असतं. पण हसणारं, रांगणारं मूल मांडीवर असताना हे कुणाला पटावं? आजार दिसतो. सावरणं दिसत नाही. या हिवाळ्यानंतर हे मला अधिक कळतं. तेराव्यानंतर लोक म्हणाले, चेहरा बरा दिसतो तुझा, जेवायला लागलीस ना, आणि आपापल्या घरी गेले. त्यांचंही काही चुकलं नाही.

आषाढ सरता सरता तेजू पुन्हा पडली. पुन्हा पुडी, पुन्हा पट्टी, पुन्हा काही दिवसांनी तेच. या वेळी वैशाली दोन दिवस जास्त देत राहिली, सासूच्या नकळत. मग सासूला कळलं. मी ओसरीवरून ऐकत होते: "तू डाकटर शे का? गोरी-गोमटी पोर, आनि कडू गोयी कोंबी ऱ्हायनी!" वैशाली दुपारी माझ्याकडे येऊन काकडी चिरत बसली आणि म्हणाली, "ताई, त्यांचं मन नाही मोडवत. त्यांनी तेजूला माझ्यापेक्षा जास्त उचलून घेतलंय." ती धडगावकडची, दहावी शिकलेली, माझ्याशी शाळेतली मराठी बोलायची. सासूशी बोलताना मात्र तिची अहिराणी सासूपेक्षा मऊ असायची.

तेजूचे दंड बारीक झाले होते. केसरमायनं तिला काळा दोरा बांधला, मीठ-मोहरी ओवाळून टाकली. कुणाची तरी नजर.

तिसऱ्यांदा मात्र नजरेवर भागलं नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवसाची सकाळ. वैशाली धावत आली, चपला न घालता. तेजू रडत नव्हती, हीच भीती. डोळे खोल गेलेले, चमचा ओठाला लावला तरी गिळेना, मान खांद्यावर. दिलीपनं पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली गेली. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मोटारसायकल काढली. मधे वैशाली, मांडीवर तेजू, आणि मागे, अर्धी सीटबाहेर, केसरमाय. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. नऊवारीचा काचा मारून ती बसली आणि वाटभर म्हणे त्या पोरीच्या कानाशी एकच बोलत होती: "ऊठ वं मन्ही माय, ऊठ."

मी ओसरीवर पुस्तक उघडं ठेवून बसले. एक ओळ वाचली नाही. समोरच्या घरात दूध उतू जाऊन जळल्याचा वास येत होता, मग जाऊन चूल विझवली. त्यांच्या मांडणीत लाल रेघेचं पातेलं पालथं होतं. ते मी सुलटं करून ठेवलं, उगीचच.

नंदुरबारला सलाइन लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेजू रडली, असा निरोप दिलीपनं दिला. इतक्या आनंदानं कुणी मूल रडल्याचं सांगितलेलं मी ऐकलं नाही.

ती घरी आली तेव्हा कानबाई दोन दिवसांवर होती. जिल्ह्यात पाऊस धरून बसलेला, पण त्या दिवशी ऊन पडलं आणि साऱ्या कोरीटनं गहू बाहेर काढले. केसरमाय ओसरीवर सूप घेऊन बसली. रोटाचे गहू नखानं निवडत होती. आवाज उतरला होता तिचा. मी समोरून गेले तर म्हणाली,

"बाई, आठे बठ. तू इतल्या मोठ्या मोठ्या पुस्तकं वाचस. खरं सांग, त्या गोया इतल्या कसाले? पोर बरी व्हई जास तरी?"

मी बसले आणि सांगायला लागले. आतड्याचं अस्तर, त्याच्या पेशी, त्यांची झीज, त्यांची पुन्हा वाढ. उत्साहानं हातवारे करून. ती शांतपणे ऐकत होती, गहू निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"परीक्षामा बी आशीच लिखशी का तू?"

"हो, म्हणजे..."

"मंग कठीन शे."

(मी त्या परीक्षेत नापास झाले. केसरमायला अजून कळवलेलं नाही. तिला ठाऊक असणारच.)

तेवढ्यात दिलीप आला. पिशवीत नवी पट्टी होती. ती त्यानं काढली नाही. तो पायरीवर टेकला, सुपातले चार दाणे उचलून तोंडात टाकायला गेला, आणि केसरमायनं त्याच्या हातावर फटका मारला.

"रोटना शेतस ते! बाहेरना माणूस तू!"

"चार दाण्यांनी काय होतं, माय? एवढे तर गहू. उरतीलच."

"उरी कसा? रोट उरस का कधी? संपाडना पडस."

"नाही संपला तर?"

"नही कसा संपी? कटाया उना तरी खावानं. पोट भरनं तरी खावानं. सुरू करा ना, मंग मधमा सोडता येस नही."

"बरं, उरलाच थोडा तर शेजारी द्या. तुमच्या जावेच्या नातीला."

"येडा व्हयना का भाऊ तू? मन्हा घरना रोट मन्हा घरनाच खाई. तिन्हा घर तिन्हा रोट शे ना!"

आता दिलीपनं पट्टी काढली आणि काही न बोलता सुपात गव्हावर ठेवली.

केसरमायचा हात थांबला. तिनं पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरलं, पकडली गेल्याचं. "चाबरा शे तू," ती म्हणाली. "मोठा चाबरा शे. गरीब दिखस नुसता."

इथं गोष्ट संपली असती तर दिलीप जिंकला असता आणि घरी येऊन चहा मागितला असता. पण केसरमाय विचार करत राहिली. पट्टी तिनं हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि म्हणाली, "पन भाऊ, रोट माणसंस्ना नावना ऱ्हास. बाईना, पोरना नावनी मूठ नही पडस."

 दिलीप चष्मा पुसायला लागला. माझ्या पुस्तकांत तर हे कुठंच नव्हतं.

दारात वैशाली तेजूला कडेवर घेऊन उभी होती. पोरीच्या हाताला अजून सलाइनची चिकटपट्टी, तोंड एवढंसं. ती सुपातल्या चकचकीत पट्टीकडे पाहून हात हलवत होती. केसरमाय तिच्याकडे पाहत राहिली. मग गव्हाच्या गोणीत हात घातला. नवऱ्याच्या नावाची, मुलाच्या नावाची मूठ आधीच टोपलीत पडली होती. तिनं मोठी मूठ भरली, इतकी की बोटांतून दाणे सांडले, आणि टोपलीवर धरली.

"तेजस्विनी," ती म्हणाली. सबंध नाव. आणि मूठ उघडली.

मग आमच्याकडे वळून, जणू आम्हीच भांडायला बसलो होतो: "काय दखतस? कानबाई बी बाईच शे ना? का माणूस शे?"

त्या रविवारी गोळ्यांची पट्टी हळद-कुंकू लागून कानबाईच्या पाटाशेजारी होती. दुसऱ्या सकाळपासून डेअरीची बरणी निघण्याआधी केसरमाय स्वतः चमचा धरायची. अंगणात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "चाल वं, तुन्हा रोट खाय!" तेजू तोंड वाकडं करायची, थुंकायची, अर्धं गिळायची. जावेच्या सुनेनं एक गोळी मागितली तर तिला चक्क नाही म्हणाली. त्या घरातून कुणी रिकाम्या हातानं परत गेल्याची ती पहिलीच वेळ असावी. "तुन्ही पोरले तुन्हा रोट माग भाऊकडथीन," तिनं बजावलं. आणि ती सून खरंच आली, नवी पट्टी घेऊन गेली. मग कोपऱ्यावरची. मग पलीकडच्या गल्लीतली. कोरीटमध्ये कुणी झिंक म्हणेना. सगळे म्हणायचे, तेजूना रोट.

दिलीप म्हणाला, हे वरिष्ठांना सांगायचं नाही.

मात्र एका दुपारी केसरमाय धापा टाकत आली. पुनीव उद्यावर होती आणि गोळ्या बऱ्याच उरल्या होत्या. रोट तर पुनवेच्या आत संपायला हवा! तिनं उपायही काढला होता: आज संध्याकाळी बाकीच्या सगळ्या एकदम विरघळवायच्या, थोडा गूळ घालायचा.

दिलीप जेवत होता. घास हातातच राहिला. इतक्या मोठ्यानं ओरडलेलं मी त्याला आमच्या सगळ्या संसारात एकदाच ऐकलं. "नही माय! एकच! दिवसाले एकच!"

"पन पुनीव..."

"देवीला मी सांगतो!"

"तू सांगशी? तू कोन देवीले सांगनारा?"

दोघंही उठून उभे. मी मधे पडले, आणि त्या पावसाळ्यातलं माझं एकमेव शहाणपणाचं वाक्य बोलले: "माय, ज्याचं जेवढं तोंड तेवढाच त्याचा घास. तेजूचं तोंड केवढंसं आहे. एवढ्याशा तोंडाला संपवायला जास्त दिवस नाही का लागणार?"

केसरमायनं दोन बोटांत तेजूच्या तोंडाएवढं माप धरून पाहिलं.  

"बराबर," ती म्हणाली. "तोंड धाकलं शे. देवीले दिखस ते." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "हाई लिख परीक्षामा."

गोळ्या पुनवेनंतर संपल्या. शेवटची संपली त्या सकाळी तिनं रिकामी पट्टी रोटाच्या खड्ड्यात पुरायची म्हणून आग्रह धरला, आणि पुरली. भाद्रपदात मका आला. तेजू दोन्ही हातांत कणीस धरून, एकही दाणा न खाता, नुसतं चोखत बसलेली असायची. तिच्या गालांवर मक्याचे केस चिकटलेले. दंड भरले. तो पावसाळा ती पुन्हा पडली नाही. मी रोज अभ्यास सोडून तिच्याकडे पाहायची आणि तिचं ते चोखणं मला कुठल्याही वर्गीकरणापेक्षा मन लावून करण्यासारखं काम वाटायचं.

आम्हाला मूल नव्हतं. केसरमाय भांडणात एकदा दिलीपला म्हणाली होती, "स्वतःनं एक नही, नि आम्हले शिकाडस." म्हणाली, आणि संध्याकाळी वाटीभर खीर पाठवली. आम्ही दोघांनी एकाच वाटीतून खाल्ली. दिलीप म्हणाला, वेलची जास्त झालीय. तो विषय तिथं संपला.

हे लिहायला लागून आता चार-पाच दिवस झाले. मी सावकाश लिहिते. कॉलेजातून आले की थोडं. गिरणी पुन्हा सुरू आहे, डबे पुन्हा थरथरतायत, रस्त्यानं बायका पिशव्या घेऊन जातात. कपाटात दिलीपची पिशवी तशीच आहे. काल उघडली. लिटरची बाटली, दोन पुड्या, आणि नेलपॉलिश. झाकण फिरलं नाही, आतलं वाळून दगड झालंय. तरी मी ती खिडकीत ठेवली. ऊन आलं की भिंतीवर लाल ठिपका पडतो.

आणि आज, हे इथवर लिहून झालं होतं तेव्हा, फोन वाजला.

"रविवारना दिन येस का कसं?" केसरमाय. ती फोनवर हॅलो म्हणत नाही.

"माय, यंदा आमचं काही नाही. तुम्हाला माहीतच आहे."

"तुन्हं कोन ईचारस? मन्हा घर ये. रोट खावाले."

मला वाटलं, वयामुळं ती विसरली. "मी कशी येणार? मी बाहेरची ना. बाहेरचीनं रोट..."

"मूठ टाकी दिनी मी," ती म्हणाली. "तुन्हा नावनी. सबंध नाव लिसन. दयन बी दयायी गयं."

 मी म्हणाले ते फार मूर्खासारखं होतं. म्हणाले, "अहो, पण मला विचारायचं तरी आधी."

"आते काय व्हई? पीठमाईन मूठ काढता येस का? दख, काढी दाखाड मले."

मागून भांडी वाजली. मग फोन कुणीतरी ओढून घेतला. तेजू. चौथीत आहे आता, आवाज आजीचा, भाषा शाळेची आणि घरची मिसळलेली. "मावशी, मी सांगते नीट. आजीला फोनवर सांगता येत नाही. तुम्ही रविवारी यायचं, पण एकच दिवस जेवून पळायचं नाही बरं का. पुनवेपर्यंत राहायचं."

"अगं, माझं कॉलेज..."

"कोरीटवरून जा ना बसनं. आधी जायच्याच ना तुम्ही? आणि अर्धं टाकून जमत नाही. चालू केला की संपाडना पडस."

"नाही संपला तर?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

पलीकडे तिनं आजीला विचारलं. दोघींची कुजबुज झाली, हसणं झालं. मग तेजू आली आणि म्हणाली, "आजी म्हणते, तुमचं तोंड धाकलं शे. तुम्हाला पुनवेनंतरही चालेल."

खुंटीवरची पिशवी काढलीय. दोन साड्या मावतात तिच्यात.